आपण तीनशे दोन

२८ एप्रिल

माझं सगळं बदललं ते आज दुपारी सव्वाबारा वाजता, पिलारच्या बसथांब्यावर, निल्सा हसली तेव्हा. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. सात महिने जिने माझा फोन उचलला नव्हता, ती स्वतःच्या मोटरसायकलवर मला न्यायला आली होती. माझी एवढीशी पेटी बघून विचारलं, "कॉलेज तू सोडलंस की कॉलेजने तुला?" मी म्हटलं, दोघांच्या संमतीने. तेव्हा हसली. बस्स.

राजधानीत, असुन्सिओनला, दोन वर्षं आम्ही बरोबर होतो. मग एका लग्नात तिच्याशी जरा जास्त जवळून नाचणाऱ्या एकाच्या नाकावर मी ठोसा मारला. तो तिचा मावसभाऊ निघाला. ती गावी परत आली, शाळेत इथली जुनी भाषा, ग्वारानी, शिकवायला लागली. मी तिसऱ्या वर्षाची कॉम्प्युटरची पुस्तकं उघडून तिचे फोटो बघायचो. शेवटी पुस्तकंच बंद केली.

तिची अट अशी: चाळीस दिवस एकाच जागी काम करायचं आणि कुणाशीही भांडायचं नाही. मग ती माझ्याशी बसून बोलेल. "तू आणि चाळीस दिवस! आधी चार काढून दाखव," असंही वर. काम तिनेच शोधलं. तिचे म्हातारे मास्तर, कराई आबदोन. इथे वडीलधाऱ्या माणसाला कराई म्हणतात, पण या म्हाताऱ्याला तो शब्द अगदी शिवून घेतल्यासारखा बसतो. गावापासून दीड कोसावर, बांधावरच्या रस्त्याला घर. पुढे रस्ता, मागे नजर पोचेल तिथपर्यंत पाणथळ आणि लव्हाळे.

स्वयंपाकघरातून न्या सेफे, म्हणजे सेफेबाई, बाहेर आली. घर तीच सांभाळते, आणि म्हाताऱ्यालाही. मला वरपासून खालपर्यंत बघून निल्साला म्हणाली, "हाच का तो ठोसेवाला?" मग माझ्या हातात गरम चिपा, चीजचा छोटा पाव, ठेवला. इतका चांगला चिपा मी राजधानीत खाल्ला नाही. खूश आहे. फार खूश आहे.

२९ एप्रिल

आज काम दाखवलं. मी समजत होतो, म्हाताऱ्याला जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर घालून हवी असतील. तसं नाही. मागच्या मोठ्या खोलीत सहा मीटर लांब टेबल आहे आणि त्यावर अठराशे सहासष्टच्या चोवीस मेची आख्खी तुयुतीची लढाई मांडून ठेवली आहे. पाणी काचेच्या चुऱ्याचं आणि सरसाचं, लव्हाळे घोड्याच्या केसांचे. पलीकडे ब्राझीलवाले, अर्जेंटिनावाले, त्यांच्या तोफा. अलीकडे आपले. लाल सदरे, अनवाणी पाय.

बाकीच्या पलटणी ढोबळ मांडल्या आहेत, एका शिपायामागे पंचवीस माणसं धरायची. फक्त नऊ नंबरची पलटण पूर्ण आहे. तीनशे माणसं, तीनशे शिशाचे शिपाई. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. त्यांच्या घराण्यात सांगतात की पणजोबांचा धाकटा भाऊ याच तुकडीत होता, आणि दुपारी बाराला लव्हाळ्यांत शिरलेल्यांपैकी एकही परतला नाही. कराई एकतीस वर्षं हा खेळ खेळतायत. जिंकायचं नाही त्यांना. वेगळा हुकूम दिला असता तर नऊ नंबर घरी आली असती का, एवढंच बघायचंय. आजवर आली नाही.

पूर्वी शत्रूची बाजू तेओदुलो नावाचे त्यांचे मित्र खेळायचे. नदीवर बोटीचे नावाडी होते. गेल्या वर्षी वारले. त्यात कराईंना काचबिंदू, समोरचा हात दिसत नाही. तेव्हा शत्रू आता कॉम्प्युटर चालवणार, आणि तो कॉम्प्युटर मी शिकवणार. लहानपणापासून मी घरच्या पडद्यावर साम्राज्यं बुडवत आलो. त्याबद्दल कुणी पगार देईल असं आईला सांगितलं असतं तर तिने देवाला मेणबत्ती लावली असती.

२ मे

नियम. फासे टाकायचे, अंतर पट्टीने मोजायचं, ते सगळं मला माहीत होतं. नवीन ते असं: हुकूम तोंडी द्यायचा नाही. पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचा, बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. दुपारच्या झोपेनंतर डबा उघडायचा. डब्यात गेलेला हुकूम मागे घेता येत नाही, कारण घोडेस्वार निघून गेलेला असतो. आणि हुकूम ग्वारानीतच, कारण ती पोरं दुसरं काही बोलत नव्हती.

इथे माझी पंचाईत. असुन्सिओनच्या पोरांची ग्वारानी म्हणजे शिव्या आणि 'जाहा'. जाहा म्हणजे चला, आपण जाऊ. सिनेमाला जाहा, फुटबॉलला जाहा. मी पहिलीच चिठ्ठी 'नऊ नंबर, जाहा!' अशी लिहून मोठ्याने वाचली तर म्हाताऱ्याने ती हातातून घेऊन फाडली. मग मास्तरकी. स्पॅनिशमध्ये आम्ही आणि आपण दोन्हींना एकच शब्द, काम भागतं. ग्वारानीत भागत नाही. 'ओरे' म्हणजे आम्ही, तू त्यात नाहीस. 'न्यान्दे' म्हणजे आपण, तूही आलास. हुकूम देणारा टेकडीवर असतो. त्याने 'जा' म्हणायचं. 'चला' म्हणायचं नाही, 'आपण' म्हणायचं नाही. मी विचारलं, म्हटलं तर काय होतं? तर म्हणाले, "व्याकरण चुकतं."

न्या सेफे दारातून म्हणाली, "जनरलसाहेब, व्याकरण शिकून झालं असेल तर मांदिओकाचे कंद सोलायला या."

५ मे

पहिला पूर्ण डाव. सकाळी हुकूम टाकला: नऊ नंबर, ओढ्याच्या काठाने उजवीकडे जा. जेवलो, झोपलो. इथे दुपारी बारा ते तीन कुत्रंसुद्धा भुंकत नाही. तीनला डबा उघडला तर माझ्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी. पेन्सिलने, जड हाताने:

'ओढा ओलांडला आम्ही. एकेचाळीस मागे राहिले. पाणी कमरेला.'

याला खबर म्हणतात. पूर्वी तेओदुलो लिहायचे. मी कराईंना वाचून दाखवली. त्यांनी चिठ्ठी घेऊन बोटांनी चाचपली, मग म्हणाले, छान. म्हातारा नाटकी आहे, पण मला आवडला. मला झोपवून गुपचूप उठून चाचपडत लिहितो! मी एकेचाळीस शिपाई उचलून बाजूला आडवे केले. खबरेत सांगितलं तसं.

कॉम्प्युटरवरही सगळं चढवलं. मग गंमत म्हणून त्याला रात्रभर एकट्यालाच खेळू दिलं. चारशे डाव. प्रत्येक वेळी नऊ नंबरला वेगळा हुकूम. चारशेपैकी एकदाही ती तुकडी परत आली नाही. कराईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पाहुणा आला का विचारावं आणि नाही म्हणावं, तशी.

९ मे

आज निल्साबरोबर नदीकाठी जेवलो. तळलेला सुरुबी मासा. मी बारा दिवस कुणाशी भांडलो नाही हे तिला खरं वाटेना. न्या सेफेला फोन लावून खात्री केली. तिकडून उत्तर आलं म्हणे, "भांडत नाही, पण खातो तिघांचं." निल्सा इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. तिच्या हनुवटीवर रस्सा लागला होता. मी सांगितलं नाही. बघत राहिलो.

अजून अठ्ठावीस दिवस.

१३ मे

उत्तरेचा वारा सुटलाय. गरम, चिकट. या वाऱ्यात माणसं बायकोला मारतात आणि कोर्टात वाऱ्याचं नाव सांगतात.

सकाळी गावात गेलो तर निल्सा विल्दोच्या मोटरसायकलवर मागे. विल्दो शाळेत विज्ञान शिकवतो. तिची गाडी बिघडली होती, त्याने सोडलं, एवढंच. तिनेच हाक मारून सांगितलं. मी हो म्हटलं. हात खिशात ठेवले. खिशात मुठी होत्या. त्याला मारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मारलं नाही, आणि चालत परत आलो.

टेबलापाशी बसून हुकूम लिहिला: 'ओढ्याच्या काठाने डावीकडे जा. थांबू नका. मागे बघू नका.' मग त्याच पिवळ्या चिठ्ठ्यांवर तिला लिहिलं. तिला आवडतं म्हणून ग्वारानीत. 'जाहा, निल्सा. आपण दोघं जाऊ इथून. म्हणशील तिथे. मी तयार आहे. देर्लिस.' चाळीस दिवस वगैरे सगळं मला अचानक मूर्खपणाचं वाटायला लागलं होतं. चिठ्ठी चौकोनी घडी घालून न्या सेफेकडे दिली, ती बाजाराला निघाली होती. हुकमाचीही तशीच घडी. डब्यात टाकली. झोपलो.

तीनला खबर नव्हती. डबा उघडला तर डबाच रिकामा. माझी चिठ्ठीही नाही.

१४ मे

निल्साचा फोन. हसत होती. "हे काय रे प्रेमपत्र? मला डावीकडे पाठवतोस? मागे बघायचं नाही म्हणे! आणि थांबायचंही नाही?"

मला समजायला वेळ लागला. घड्या अदलाबदल झाल्या होत्या. तिला हुकूम गेला. डब्यात ते गेलं.

मीही हसलो. फोन ठेवल्यावर टेबलाकडे गेलो, चिठ्ठी शोधायला. चिठ्ठी नाही. पण डब्यात खबर होती.

'आपण तीनशे दोन. देर्लिस रांगेत. बाई वाटेत.'

आम्ही नाही. आपण. न्यान्दे.

मी शिपाई मोजले. दोनदा. तीनशे दोन. तिसऱ्या रांगेत एक आहे, ज्याचा रंग अजून ओला आहे. मी त्याला रंगवलेलं नाही. डाव्या भुवईवर खाच आहे. माझ्यासारखी.

आणि टेबलाच्या अगदी कडेला, गावाच्या बाजूला, एक बाई. डोक्यावर पाण्याचं मडकं. लढाईच्या मागे अशा बायका जायच्या.

म्हाताऱ्याची मस्करी आहे. असलीच पाहिजे.

१५ मे

स्वातंत्र्यदिन. गावात मिरवणूक, शाळेची पोरं, बँड. निल्सा पोरांच्या रांगेबरोबर चालत होती. मी तिला पायांबद्दल विचारलं. पांढऱ्या बुटांच्या वर, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल. ती म्हणाली, काल दुपारी जरा झोपली होती. आईला ती ओढ्याकाठी सापडली. चालत होती. डोळे मिटलेले. त्यांच्या घरामागून ओढा जातो. त्याच्या काठाने डावीकडे गेलं की पाणथळ.

घाबरली नव्हती. "स्वप्न छान होतं रे. खूप जण होतो आपण. सगळे अनवाणी. कुणी बोलत नव्हतं, तरी एकटं वाटत नव्हतं."

'आपण' म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही.

घरी येऊन पाहिलं. बाई कडेपासून एक वीत आत आली आहे.

१६ मे

कराईंना धरलं. म्हटलं, बंद करा ही मस्करी. ते म्हणाले, "पोरा, मला माझी स्वतःची सही दिसत नाही. मी काय लिहिणार?" खबरी मीच लिहितो असं त्यांना वाटलं होतं म्हणे. पोरगा हुशार आहे, तेओदुलोची ढब उचलली. मग म्हणाले: "वाटलं नव्हतं. वाटून घेतलं."

मग सगळं बाहेर आलं. डोळे गेल्यावर कराईंचे हुकूमही तेओदुलोच लिहायचे. गेल्या वर्षी एका हुकमात त्यांनी जाहा लिहिलं. मुद्दाम. म्हणाले होते, तीस वर्षं आपण त्यांना एकटं पाठवतोय, लाज वाटते. मग चोवीस मे, दुपारी बाराला मागच्या दाराने गेले. दीडशे पावलांवर सापडले. बुडालेले. पन्नास वर्षं नदी खेळवलेला माणूस. तिथे पाणी घोट्याएवढं होतं.

मी ओरडलो, मला का नाही सांगितलंत! तर म्हणे सांगितलं होतं, जाहा लिहू नकोस. म्हटलं, पण का ते नाही सांगितलंत! "कारण सांगितलं असतं तर तू राहिला असतास? आणि तू नसतास तर माझी माणसं तिथेच उभी राहिली असती. लव्हाळ्यांत. माझ्यानंतर कुणी हुकूमच दिला नसता त्यांना."

माझी माणसं म्हणाला.

खुर्ची भिंतीवर आपटली मी. तुटली. त्याला हात लावला नाही. न्या सेफे दारात उभी होती. जमिनीकडे बघत होती. माझ्या पायांकडे. मला वाटलं होतं मी आज दुपारी झोपलो होतो.

माझ्या पायांना चिखल.

१८ मे

काल निल्साला सगळं सांगितलं. हसली नाही. दुपारी झोपू नकोस म्हटलं, हो म्हणाली. तिच्या आईने दाराला बाहेरून कुलूप लावलं. ती खिडकीतून गेली. ओढ्याकाठी, डावीकडे. आई म्हणते, हाका मारल्या तर मागे बघत नाही.

मागे बघू नका. मीच लिहिलं.

तिच्या आईला म्हटलं, तिला राजधानीत पाठवा. आज सकाळच्या बसने दोघंच निघालो, ती आणि मी. तिचं डोकं माझ्या खांद्यावर. सात महिने मी एवढंच मागत होतो. बारा वाजायला आले तेव्हा माझे डोळे—

जाग आली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात. ती माझ्या दहा पावलं पुढे. बस कुठेच नाही. समोर कराईंच्या घराची मागची भिंत.

१९ मे

कॉम्प्युटर फोडला. हातोड्याने. बरं वाटलं. तीनला डब्यात:

'आपण तीनशे दोन. बाई ओढ्यापाशी. पाच दिवस.'

बाईला टेबलावरून उचललं. वितळवून टाकणार होतो, चुलीवर. कराई ओरडले, आधी तिला फोन कर! केला. आईने उचलला. निल्सा वर्गात फळ्यासमोर कोसळली होती, श्वास चालत नव्हता. बाई परत ठेवली. जिथे होती तिथेच. श्वास सुरू झाला.

शिसं गरम होतं. आतून.

२० मे

रात्रभर विचार. शब्दाने घात केला तर शब्दानेच सुटलं पाहिजे. न्यान्दे लिहिलं म्हणून ते आले. मग आता ओरे. आम्ही दोघं, तुम्ही नाही. तुम्हाला सोडून.

लिहिलं: 'आम्ही दोघं इथून जातो. देर्लिस आणि निल्सा.' नीट घडी. डब्यात.

तीनला:

'कोण आम्ही? तू रांगेत आहेस. रांगेतला माणूस आमच्याशी बोलताना आपण म्हणतो.'

खाली सही होती, आज पहिल्यांदा. तेओदुलो, नावाडी. म्हणजे तीनशे, ते आणि मी.

कराईंना वाचून दाखवली. रडले. म्हणाले, बरा आहे का तो. असं विचारलं. बरा आहे का.

२१ मे

ऐकू येतं आता. दुपारी. वारा पडलेला असतो आणि लव्हाळे हलतात. रांगेने हलतात. डावीकडून उजवीकडे. मग थांबतात. मग पायांचा आवाज, खूप पायांचा, चिखलातून ओढून काढलेले—

निल्सा माझ्याशी बोलत नाही. दिवसाही. आई म्हणते, जेवण वाढलं तर ताट उचलून बाजूला ठेवते. "सगळ्यांना पुरणार नाही," म्हणते.

बाई ओढा ओलांडून आली.

२२ मे

कराईंना म्हटलं, नवा हुकूम देतो तिला. थांब म्हणून. ते म्हणाले, हुकूम टेकडीवरून देतात. तू टेकडीवर नाहीस. मग तुम्ही द्या. त्यांनी दिला. मी हात धरून लिहवून घेतलं. 'निल्सा, थांब.' तिच्या हातात दिली चिठ्ठी. तिने वाचली नाही. अक्षर ओळखलं नाही बहुतेक. तिला हुकूम माझा आहे.

मी विचारलं, रांगेतला माणूस काहीच सांगू शकत नाही का कुणाला?

मग मास्तर बोलले, म्हातारा नव्हे. म्हणाले, सांगू शकतो. निरोप घेऊ शकतो. तिच्याकडे तोंड करून त्याला म्हणता येतं, आम्ही जातो. ओरे. त्यांच्या बाजूने उभं राहून. तू त्यात नाहीस, असं. मग ती सुटते.

पण ते म्हणायचं तर खरंच त्यांच्यातला व्हावं लागतं. नुसतं लिहून नाही चालत. व्याकरण आहे ते.

२३ मे

भीती वाटते. हे लिहायचं नव्हतं.

मी बावीस वर्षांचा आहे. मला नाही जायचं. पळून जावं, तिचं ती बघेल, असं सकाळी दहा मिनिटं मनात होतं. पूर्ण दहा मिनिटं. पेटीही भरली होती.

बाई शेवटच्या रांगेच्या मागे. एक बोट अंतर.

मडकं खाली ठेवलंय तिने.

२४ मे, सकाळ

लिहिली. 'निल्सा. आम्ही जातो. देर्लिस.' आणखी काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं खूप होतं. प्रत्येक वाक्यात आपण येत होतं.

न्या सेफे घेऊन गेली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. कराई खोलीत आहेत, खिडकीकडे तोंड करून. काय बघतात कोण जाणे.

अकरा दहा

लव्हाळे हलायला लागले. टेबलाकडे बघणार नाही. ती तिथे आहे की नाही ते बघणार नाही. बघितलं आणि असली तर—

अकरा पंचवीस

फोन. निल्सा. तीन दिवसांनी आवाज ऐकला. ओरडत होती. "कोण आम्ही? मला सोडून? कोण आम्ही, देर्लिस?" जागी आहे. रागावली आहे. माझी निल्सा. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर चुकलो असतो. ठेवला.

अकरा चाळीस

ती निघाली. बांधावर मोटरसायकल. तिचीच, आवाज ओळखतो. इकडेच येतेय. देवा, इकडे नको. मी असेपर्यंत आली तर मी तोंड उघडेन. मी ओळखतो मला. एकच शब्द येईल तोंडात.

बाहेर एक दारूचा बाण सुटला आकाशात, हल्ल्याच्या इशाऱ्यासारखा. धूर दिसतोय. कुणी सोडला—

गाडी थांबली. पुढचं दार वाजतंय. हाका. आणि मागूनही. मागून नावाने नाही. नुसते उभे आहेत, अंगणापर्यंत, पाणी टिपकतंय त्यांच्या—

तिने दार ढकललं. न्या सेफे गेल्यावर कडी लावायची राहिली. पावलं. बुटांची. बूट घातलेत तिने.

वही इथे ठेवतो. मागच्या दाराने बाहेर पडतो, दार ओढून घेतो, बाहेरून अडसर घालतो, म्हणजे तिला माझ्यामागे—